दुकानात जाण्याआधी जुनी सायकल मोजा

ठाण्यात कुणालाही "नवी रोड बाइक घेतोय" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती सीसीची?" त्यामुळे या लेखात मी सायकलच म्हणणार आहे. खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, डांबरी रस्त्यावर पळणारी सायकल.

लेख कुणासाठी आहे तेही सांगून टाकतो. पाच-सात वर्षांपूर्वी एखादी हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची, किंवा स्वस्तातली रोड सायकल घेतली, आधी रविवारी उपवन, मग घोडबंदर, मग मित्रांच्या नादाने एकदा लोणावळा असं करत पाय तयार झाले, आणि आता ती सायकल कमी पडायला लागली, अशा लोकांसाठी. बजेट धरतो साठ हजार ते सव्वा लाख. त्याखाली निवडीला वाव कमी असतो. त्यावर गेलात की जास्तीच्या पैशातले बरेचसे वजनातले ग्रॅम कमी करण्यात जातात, आणि आपण संध्याकाळी मिसळ खाऊन ते भरून काढतो.

माझी पहिली रोड सायकल मी एका दुकानातून घेतली तेव्हा विक्रेता म्हणाला, "छप्पन्न मापाचीच शिल्लक आहे, पण साहेब, तुमची उंची चांगली आहे. वर पंधरा टक्के सूट." माझी उंची पाच फूट सात इंच. ती चांगली आहे असं त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी विरघळलो. पुढची चार वर्षं ऐरोलीचा पूल ओलांडेपर्यंत उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. शेवटी ती सायकल विकायला काढली. घ्यायला आलेला मुलगा चांगला सहा फुटी होता. तो तिच्यावर बसला आणि सायकल त्याच्या मापाने शिवून घेतल्यासारखी दिसायला लागली. सायकल वाईट नव्हतीच, ती माझी नव्हती.

तेव्हापासून नवी सायकल घेणाऱ्याला मी आधी दुकानात पाठवत नाही, त्याच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाठवतो.

पहिली पायरी: जुनी खरंच संपली आहे का?

"सायकल जड चालते" ही तक्रार घेऊन आलेल्या बऱ्याच सायकलींना नुसती नवी चेन, नव्या केबल आणि बरे टायर हवे असतात. चेन घरच्या घरी तपासता येते. इंचाच्या खुणा असलेली पोलादी पट्टी घ्या. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. बरोबर बाराव्या इंचावर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. तो अर्धं सूत पुढे गेला असेल तर चेन बदला. सबंध सूत गेला असेल तर मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचाचे, म्हणजे कॅसेटचे, दातही झिजलेले असणार, कारण लांबलेली चेन दातांना खात जाते. मग नवी चेन जुन्या दातांवरून उड्या मारते आणि लोक म्हणतात मिस्त्रीने खराब माल टाकला.

रिम ब्रेकची सायकल असेल तर रिमच्या कडेवरून बोट फिरवा. पॅड जिथे घासतो तिथे वाटीसारखा खोलगटपणा लागला तर रिम संपली. आपल्याकडे हे लवकर होतं. पावसाळ्यात रस्त्यावरची बारीक रेती पॅडमध्ये अडकते आणि प्रत्येक ब्रेकला रिम कानशीने घासल्यासारखी झिजते. फ्रेम धुऊन उजेडात बघा. हँडलची नळी फ्रेमला जोडते तो भाग आणि क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या, आसपासची जोडणी, इथे रंगाला केसासारखी रेघ दिसली तर ती नखाने चाचपा. नुसता ओरखडा असेल तर ठीक. भेग वाटली तर त्या सायकलवर पुन्हा बसू नका, दुरुस्तीचाही विचार नको.

हे सगळं ठीक असेल आणि फक्त झिजणारे भाग गेले असतील, तर काही हजारांत सायकल पुन्हा पळेल. तरीही नवी हवी असेल तर घ्या, हौसेला कोण अडवणार? फक्त घरी कारण खरं सांगा.

दुसरी पायरी: तक्रारी लिहून काढा

मोबाइलमध्ये लिहा, वहीत लिहा, पण लिहा. "वेग कमी" असं मोघम नको. "येऊरच्या चढावर शेवटचा गिअर टाकूनही उभं राहून मारावी लागते", "पावसात ब्रेक धरला की दोन फेऱ्या चाक तसंच फिरतं", "दोन तासांनी मान अवघडते", "मोठा टायर फ्रेममध्ये मावत नाही", असं. प्रत्येक तक्रारीपुढे सायकलचा कोणता भाग जबाबदार आहे ते लिहायचं: मान आणि हात म्हणजे माप, चढ म्हणजे गिअर, हादरे म्हणजे टायर आणि फ्रेममधली जागा, पाऊस म्हणजे ब्रेक. दुकानात विक्रेता काहीही दाखवू दे, या चार-पाच ओळींना उत्तर न देणारी सायकल तुमच्या कामाची नाही. "रंग जुना वाटतो" हीसुद्धा तक्रार चालते, पण ती यादीत सगळ्यात खाली.

तिसरी पायरी: मोजणी

इथे वेळ घालवा, अख्खी एक संध्याकाळ गेली तरी चालेल.

साहित्य: मोजपट्टी, एक दोरा आणि त्याच्या टोकाला बांधायला जड नट. गवंडी वापरतात तसला ओळंबा झाला. सायकल सरळ धरायला एक माणूस लागतो. माझ्याकडे मुलगी होती, तिने त्याचे दोन वडापाव घेतले. पार्किंगची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराची केलेली असते, तिथे मोजू नका. लिफ्टसमोरची लॉबी बरी. मागचं चाक भिंतीला टेकवून सायकल उभी करा.

पहिला आकडा सीटच्या उंचीचा. क्रँक जिथे फिरतो त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत मोजा. ताळा करायचा तर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये वर घट्ट सरकवा आणि फरशीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. त्याला ०.८८३ ने गुणलं की सीटच्या उंचीचा अंदाज येतो. माझी पायांची लांबी ८१ सेंटिमीटर, म्हणून उंची ७१.५. हा देवाचा शब्द नाही, पण प्रत्यक्षातला आकडा यापासून दोन सेंटिमीटर दूर असेल तर का, ते शोधा.

दुसरा आकडा सीट किती मागे आहे याचा. सीटच्या पुढच्या टोकावरून ओळंबा सोडा आणि दोऱ्यापासून क्रँकच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर मोजा. तिसरा, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत. चौथा आणि पाचवा, फरशीपासून सीटचा माथा आणि फरशीपासून हँडल. या दोन उंचींतला फरक म्हणजे तुम्ही किती वाकता ते. मानेची तक्रार असेल तर तिचं उत्तर बहुतेक वेळा या फरकात सापडतं.

आता भिंतीचा उपयोग. भिंतीपासून क्रँकच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर घ्या. मग भिंतीपासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या माथ्याच्या मध्यापर्यंत. माझ्या दुसऱ्या सायकलचे हे आकडे ७४६ आणि ११३४ मिलिमीटर आले. वजाबाकी ३८८. याला रीच म्हणतात. त्याच दोन बिंदूंची फरशीपासूनची उंची २७० आणि ८१५, वजाबाकी ५४५. हा स्टॅक. सातही आकडे एका पानावर लिहा.

ही खटपट कशाला, तर सायकलीवर छापलेला ५४ किंवा 'मीडियम' हा आकडा शर्टाच्या ४० नंबरासारखा असतो. एका कंपनीचा अंगाला घट्ट, दुसरीचा ढगळ. रीच आणि स्टॅक मात्र सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने मोजतात आणि वेबसाइटवर प्रत्येक मॉडेलखाली तक्त्यात देतात. ५४ नंबरच्याच शर्यतीच्या फ्रेमचा स्टॅक ५४०-५५० च्या आसपास असतो, तर लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या, ज्याला एन्ड्युरन्स म्हणतात त्या फ्रेमचा ५७० च्या पुढे. म्हणजे हँडल अडीच-तीन सेंटिमीटर वर. माझ्या मानेची तक्रार इथेच मिटली. तिसरी सायकल घेताना मी स्टॅक ५७० आणि रीच ३७५ च्या आसपासचीच शोधली, बाकी सगळं त्यानंतर.

जुन्या मापात तक्रार नसेल तर नव्या सायकलचे आकडे त्याच्या जवळ ठेवा. रीच सेंटिमीटरभर जास्त-कमी असेल तर हँडल धरणारा स्टेम बदलून निभावतं. दोन सेंटिमीटरचा फरक असेल तर ती सायकल सोडा. "स्टेम छोटा लावून देतो ना साहेब" हे वाक्य ऐकून मी चार वर्षं बोटं झटकली आहेत.

हायब्रिडवरून येणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. सरळ हँडलच्या सायकलची फ्रेम मुद्दाम लांब केलेली असते, त्यामुळे तिचा रीच नव्या सायकलला लावू नका. तिच्यावरून फक्त सीटची उंची आणि सीटचं मागेपुढेपण घ्या. क्रँकची लांबीही बघा, ती क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली असते. १७० च्या जागी १७२.५ आली तर सीट अडीच मिलिमीटर खाली.

चौथी पायरी: आपले रस्ते, आपला पाऊस

पाम बीच रोडवर कुठलीही सायकल चांगलीच वाटते. वाशी ते बेलापूर जेमतेम दहा किलोमीटर, रस्ता सपाट, त्रास काय तो खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याचा. सायकलची खरी परीक्षा घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर होते. मेट्रोच्या कामात उखडलेला भाग, मधेच पेव्हर ब्लॉक, त्यातला एक ब्लॉक कायमचा खचलेला, पुढे गायमुखचा घाट आणि त्यातले कंटेनर. शिवाय पुलांचे सांधे आणि गटारांच्या जाळ्या, ज्यांच्या फटी नेमक्या चाकाच्या दिशेनेच केलेल्या असतात.

म्हणून टायर २८ मिलिमीटरच्या खाली नको, आणि फ्रेममध्ये ३२ ची जागा हवीच. जुन्या सायकलींना २३ किंवा २५ चे टायर असत आणि आपण शंभर-एकशेदहा पीएसआय हवा ठासून भरायचो. कडक टायर वेगवान, असा समज होता. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उड्या मारतो, आणि त्या प्रत्येक उडीत पायांनी घातलेली ताकद वाया जाते. सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये सत्तर ते ऐंशी पीएसआय पुरतात, ३२ मध्ये साठच्या आसपास. आकडा दाखवणारा उभा पंप घ्या. पेट्रोल पंपावरच्या नळीला या सायकलचा बारीक, लांब व्हॉल्व्ह अडॅप्टरशिवाय बसत नाही. ट्यूबलेसची चर्चा खूप ऐकाल. काचा आणि टायरमधून निघालेल्या तारांचे तुकडे यांवर तो उपाय चांगला आहे, पण पहिल्या वर्षी ट्यूबच ठेवा, आणि रस्त्याकडेला उभं राहून ती बदलता येईपर्यंत घरात सराव करा.

ब्रेक. आपण जूनपासून सप्टेंबरपर्यंत सायकल टांगून ठेवणारे असाल तर रिम ब्रेकवाली चांगली सायकल सवलतीत मिळाल्यास खुशाल घ्या. हलकी असते, कुठल्याही नाक्यावरच्या मिस्त्रीला कळते. पावसात चालवणार असाल तर डिस्क. त्यात दोन प्रकार: केबलने ओढली जाणारी आणि तेलाच्या दाबावर चालणारी, म्हणजे हायड्रॉलिक. दुसरीला बोटांचा जोर कमी लागतो, घाटाच्या उतारावर फरक कळतो. पण घेण्याआधी आपल्या मिस्त्रीला विचारा की त्यातली हवा काढून तेल भरता येतं का. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, काही कंपन्यांच्या ब्रेकला डॉट तेल, आणि एकाच्या जागी दुसरं घातलं की आतले रबरी सील जातात. "तेल ते तेलच" म्हणणाऱ्याकडे सायकल देऊ नका. आणि डिस्क असलेल्या सायकलवर चेनसाठी तेलाचा स्प्रे कधीच मारायचा नाही. डिस्कवर उडालेला फवारा पॅड शोषून घेतात, मग ब्रेक लागत नाही आणि किंचाळतो मात्र अख्ख्या हिरानंदानीला ऐकू जाईल असा.

खाडीकाठच्या हवेबद्दल दोन शब्द. नेरुळ-सीवुड्सला राहणाऱ्यांना खिडक्यांच्या बिजागऱ्यांवरून माहीत आहेच. तोच गंज हँडलखालच्या बेअरिंगला लागतो, वरून आपला घाम नेमका तिथेच ठिबकतो. अलीकडच्या पुष्कळ सायकलींत सगळ्या केबल हँडलमधून थेट फ्रेमच्या पुढच्या नळीत नेलेल्या असतात. दिसायला झकास, पण तिथलं बेअरिंग बदलायचं म्हटलं की ब्रेकच्या नळ्याही सोडाव्या लागू शकतात, आणि शे-दोनशेच्या बेअरिंगपायी हजारोंचं काम निघतं. मध्यम बजेटमध्ये केबल बाहेरून येऊन फ्रेममध्ये शिरणारी सायकल मिळत असेल तर मी ती घेईन. तसंच क्रँकचं बेअरिंग आट्यांचं हवं, दाबून बसवलेलं नको. दाबून बसवलेलं पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर चरचरायला लागलं की तो आवाज शोधण्यात रविवार जातात.

पाचवी पायरी: गिअर, आणि येऊरचा हिशेब

दुकानात सगळ्यात जास्त बोलणं यावर होतं, त्यामुळे शिमानो कंपनीच्या गिअरच्या मालिकांची उतरंड माहीत असावी. क्लॅरिसमध्ये मागे आठ चकत्या, सोरात नऊ, टियाग्रात दहा आणि १०५ मध्ये अकरा किंवा नव्या पिढीत बारा. २०२५ पासून वळलेल्या हँडलसाठीही क्यूज नावाची मालिका आली आहे आणि ती खालच्या तिन्हींची जागा घेऊ लागली आहे. तिचे भाग जुन्या सोरा-टियाग्राशी जुळतीलच असं नाही, हे सुटे भाग घेताना लक्षात ठेवा. वरच्या पायरीवर गिअर हलका आणि नेमका पडतो, चेन आणि कॅसेट महाग होत जातात. साठ हजारांच्या आसपास क्लॅरिस किंवा सोरा, लाखाच्या घरात टियाग्रा किंवा क्वचित १०५, असा साधारण मेळ बसतो.

पण नावापेक्षा दात मोजा. माझ्या जुन्या सायकलला पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची सगळ्यात मोठी २५ ची होती. पेडलची एक फेरी म्हणजे चाकाच्या १.३६ फेऱ्या. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे एका फेरीत सायकल पावणेतीन मीटरच्या वर सरकते. पाय मिनिटाला साठ वेळा फिरायचे असतील तर ताशी दहा किलोमीटरचा वेग टिकवावा लागतो. सपाटीवर हा वेग काहीच नाही. उपवनवरून येऊरकडे वळल्यावर जिथे रस्ता खडा होतो, तिथे मात्र माझा वेग सातवर यायचा, पाय चाळीसवर, आणि मी उभा राहून झाडं मोजायचो. आता मागे ३४ ची चकती आहे. पुढे ३४, मागे ३४, एका फेरीत २.१ मीटर. पाय साठवरच ठेवून साडेसातच्या वेगाने बसल्या बसल्या चढता येतं. गुडघे तेच, वय वाढलेलं.

तेव्हा पुढच्या दोन चकत्या ५० आणि ३४ दातांच्या (५०/३४), आणि मागे सगळ्यात लहान ११ ची, सगळ्यात मोठी किमान ३२ ची (११-३२), जमलं तर ११-३४, ही माझी अट. खारघरची टेकडी, खोपोलीवरून शिंग्रोबाचा चढ, कसारा, माळशेज, सगळीकडे याचाच उपयोग होतो. ११-२८ असलेली सायकल आवडली तर विकत घेण्याआधीच कॅसेट बदलून मागा, पण मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ पेलते का ते विचारून. प्रत्येकाला पेलत नाही.

एक खोच. जाहिरातीत 'सोरा' लिहिलेलं असतं, आणि फक्त मागचा डिरेलर सोरा असतो. क्रँक दुसऱ्याच कंपनीचा, ब्रेक तिसऱ्याच, चेन चौथीची. यात फसवणूक आहे असं नाही, किंमत अशीच बसवतात. पण दोन सायकलींची तुलना करताना शिफ्टर (गिअर बदलायची कळ), दोन्ही डिरेलर, क्रँक, कॅसेट, ब्रेक अशी सहा नावं समोरासमोर लिहा. त्यात पैसे कुठे वाचवलेले चालतील? क्रँकमध्ये चालतील. ब्रेकमध्ये नाही.

सहावी पायरी: फ्रेम आणि नावं

थोडक्यात आटोपतो. या बजेटमध्ये अॅल्युमिनियमची फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा फोर्क कार्बनचा, ही जोडी घ्या. संपूर्ण कार्बनची सायकल याच किमतीत दिसली तर पैसे कुठून वाचवले ते वरच्या सहा नावांत दिसेल. ट्रेकची डोमाने एएल, जायंटची कंटेंड, डेकॅथलॉनची ट्रायबन, स्पेशलाइज्डची अॅले, स्कॉट, मेरिडा आणि पॉलिगॉनच्या अॅल्युमिनियम सायकली, एवढ्यांचे मापाचे तक्ते उघडून तुमच्या सात आकड्यांशी ताडून बघा. दरवर्षी कोणतं मॉडेल इथे येतं ते बदलतं, म्हणून मॉडेलच्या मागे न लागता मापाच्या मागे लागा. दोन-तीन उरतील. तेवढ्याच बघायला जायचं.

मडगार्ड आणि कॅरिअर लावायची भोकं आहेत का ते बघा. पुढेमागे २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड, करायचा विचार असेल (२०० ची साडेतेरा तासांत पुरी करायची असते) तर त्या भोकांचा उपयोग होतो. लांबच्या राइडची स्वप्नं रंगवताना एवढं ध्यानात असू द्या की मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि अटल सेतू, दोन्हींवर सायकलला बंदी आहे. पनवेलपुढे जुना हायवेच आपला.

सातवी पायरी: चालवून बघणे

सकाळी जा, दुकान रिकामं असतं. सायकलचे बूट असतील तर घेऊन जा, जुन्या सायकलचे पेडलही न्या. ते नव्या सायकलला बसतात. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, तेवढं सांभाळा. मोजपट्टी खिशात. सीट तुमच्या उंचीवर लावल्याशिवाय बसूच नका. चुकीच्या उंचीवर चालवून बनवलेलं मत काही उपयोगाचं नाही.

दुकानाच्या गल्लीत दोन फेऱ्या मारून काही कळत नाही. वीस मिनिटं मागा. आधार कार्ड ठेवून घेतात, ठेवू द्या. मग हे करून बघा: ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून कोपर सैल राहतात का. खालच्या वाकड्या भागातून ब्रेकपर्यंत बोटं पोचतात का. पोचत नसतील तर लिव्हर जवळ आणायचा स्क्रू बहुतेक ठिकाणी असतो, तो फिरवायला सांगा. चढावर जोर लावलेला असताना गिअर टाका. रस्ता मोकळा असेल तर तीसच्या वेगावरून दोन्ही ब्रेक धरा. एका स्पीडब्रेकरवरून मुद्दाम जा आणि खडखड ऐका. मग अगदी हळू, हँडल पूर्ण वळवून यू-टर्न घ्या. लहान मापाच्या फ्रेममध्ये बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. वेगात ते कधी जाणवत नाही, तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षांमधून वाट काढताना मात्र माणूस तिथल्या तिथे आडवा होतो.

एका मित्राबरोबर त्याच्यासाठी सायकल बघायला गेलो होतो. विक्रेता मुलगा उत्साही होता, फ्रेमचं वजन, शर्यती, सगळं सांगत होता. मित्राने यादी काढून विचारलं, "यात बत्तीसचा टायर जाईल का?" मुलगा म्हणाला, "जाईल ना सर." मागून वयस्क मिस्त्री काही न बोलता आला, सहा मिलिमीटरची एल-की घेतली आणि टायर आणि फ्रेमच्या फटीत घालून बघितली. शिरली नाही. "अठ्ठावीसच पुरा," एवढं म्हणून परत गेला. आम्ही ती सायकल सोडली आणि त्या मिस्त्रीचा नंबर घेतला.

आठवी पायरी: बिल, आणि पहिले दोनशे किलोमीटर

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या किमतीचं लेबल लावलेला माल दिसला तर विचारा. बिल पक्कंच घ्या, त्यावर फ्रेमचा नंबर लिहून घ्या. तो बहुधा क्रँकच्या खाली कोरलेला असतो, त्याचा फोटो काढा. चोरी झाली तर पोलीस तोच विचारतात. घासाघीस किमतीवर करण्यापेक्षा वस्तूंवर करा: बाटलीचे होल्डर, दोन ट्यूब, एक मोफत सर्व्हिसिंग, आणि डिरेलर फ्रेमला जिथे अडकतो तो हँगर एक जादा. तो मुद्दाम मऊ धातूचा असतो, सायकल पडली की तो वाकतो आणि फ्रेम वाचते. पण प्रत्येक मॉडेलचा वेगळा, आणि दोन वर्षांनी तो मिळेल याचा भरवसा नाही. हेल्मेट, लाइट, पंप, कुलूप यांसाठी आठ-दहा हजार सायकलच्या किमतीबाहेर बाजूला काढा. जुन्या सायकलची यातली जी वस्तू चांगली असेल ती वापरा. सीटसुद्धा. सवयीची सीट सोडून नव्या सीटशी झगडायचं काही कारण नाही. रिम ब्रेकच्या जुन्या चाकांचा मात्र डिस्कच्या फ्रेमला उपयोग नाही, त्या आशेवर राहू नका.

घरी आणल्यावर सीटच्या दांड्याभोवती फ्रेमला लागून इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. दांडा हळूहळू आत सरकला तर टेप गोळा झालेली दिसते. पहिल्या आठवड्यात लांब जाऊ नका, तलावपाळीला फेऱ्या मारा, आकडे पुन्हा मोजा. शे-दोनशे किलोमीटरमध्ये केबल सैलावतात आणि गिअर अडायला लागतात. सायकल बिघडली म्हणून घाबरू नका, मोफत सर्व्हिसिंग त्याचसाठी मागितलं होतं. चाकं सरळ फिरतात का आणि आऱ्या सगळ्या सारख्या ताणलेल्या आहेत का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

जुनी विकायची घाई करू नका, दोन-तीन महिने जाऊ द्या. नव्या सायकलवर काही खुपलं तर परत मोजायला तीच लागते, म्हणून तिची सीट, स्टेम, काही हलवू नका. मी दुसरी सायकल विकली त्या दिवशी घेणारा मुलगा टेम्पो घेऊन आला होता आणि मी लॉबीत बसून ओळंबा सोडत होतो. "काका, आता काय मोजताय? सायकल तर मी नेतोय," तो म्हणाला. मी वहीतलं आकड्यांचं पान फाडून त्याच्या हातात दिलं आणि सीट किती खाली घ्यायची ते त्यावर लिहून दिलं. तो माझ्यापेक्षा दोन इंचांनी बुटका होता.